नोंदवहीत एकच रकाना असल्यामुळे उभी राहिलेली व्हॅन

प्रति,
मा. वाहन अधिकारी,
कर्णबधिर बालशिक्षण योजना, जालना.

विषय : राजूर फेरीच्या व्हॅनला सुरू होण्यापुरते पेट्रोल देण्याबाबत.
संदर्भ : आपली दि. ३१ जानेवारी २००६ ची, एकाच दिवसाची दोन पत्रे.

महोदय,

१. दोन वर्षांमागे घरात सामसूम असताना माझ्या हातून पातेल्याचे झाकण फरशीवर पडले. गरगर फिरत बराच वेळ वाजले. पाठमोरी खेळणारी माझी आम्रपाली वळली नाही. तेव्हा आम्हाला कळले. आज ती पाच वर्षांची आहे. शाळेतल्या बाईंनी तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून तिला चार शब्द शिकवले : आई, पाणी, दे, गाडी. तोंडापुढे कागद धरून ती 'पाणी' म्हणायची आणि कागद हलला की हसायची.

२. तिला शाळेत नेणारी व्हॅन ९ जानेवारीपासून आपल्या आवारात उभी आहे. बिघाड शोधायला आपल्या मिस्त्रींनी दोनदा बॅटरी बदलली, प्लग काढले, स्टार्टर उतरवून परत चढवला. पेट्रोलच्या टाकीचे झाकण मात्र कोणी उघडले नाही. ही गाडी पेट्रोल व गॅस अशा दोन्हींवर चालते. थंड इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की बटण गॅसवर टाकायचे. माझे वडील पुंजाराम जालन्यातल्या मस्तगडला मिस्त्री होते. त्या काळी लोक जीपा पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर हाकायचे. वडिलांच्या हातात पाने देत मी मोठी झाले आहे, त्यामुळे एवढे मला समजते.

३. चालक धर्मराज यांना विचारले, तर म्हणाले, "ताई, टाकी दिवाळीपासून कोरडी हाये. हापिसाच्या वहीत इंधनाला एकच रकाना. त्यात गॅस लिव्हेल हाये. मंग पेट्रोल कोण देईन?" थंडी पडेपर्यंत ते नुसत्या गॅसवर कशीबशी गाडी काढत होते.

४. २५ जानेवारीला मी राजूरहून बाटलीत एक लिटर पेट्रोल नेले. धर्मराज यांनी ते ओतले. पाच-सात वेळा सेल्फ मारल्यावर गाडी सुरू झाली. आपले लेखनिक श्री. मच्छिंद्र धावत बाहेर आले. मला वाटले, आनंदाने आले. त्यांनी गाडी बंद करायला लावली. "बाई, हे इंधन मंजूर न्हाई. आडिटला जवाब द्यायला तुम्ही येणार का?" पेट्रोल परत बाटलीत काढून जप्त केले. धर्मराज यांना नोटीस दिली.

५. त्यानंतर आपली पत्रे आली. पहिल्यात, वाहन २५ तारखेला सुरू झाले, सबब ते सुस्थितीत असून पर्यायी वाहन देता येत नाही. दुसऱ्यात, वाहन सुरू होत नसल्याने फेरी बंद करण्यात येत आहे. दोन्हींखाली सही आपलीच. पहिल्या पत्राची शाई वाळायच्या आत दुसऱ्यावर सही करताना आपला हात जरासुद्धा अडखळला नाही, याचे मला नवल वाटते.

६. एस.टी.ने न्या, असे आपण तोंडी सुचवले. तसे चार दिवस नेले. धाकटे बाळ आठ महिन्यांचे आहे, तेही कडेवर होते. पाचव्या दिवशी ते तापाने फणफणले. हा अर्जसुद्धा पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, दोन दुपारी मिळून लिहिला आहे. आपल्याला लिहायला टेबल आहे.

७. शाळेत जाणे थांबल्यावर आम्रपालीचा 'दे' आधी गेला. मग 'पाणी' गेले, आता ती माठाकडे बोट दाखवते. कागद मी रोज धरते. तो हलत नाही. गेल्या आठवड्यात 'आई'ही गेले. ते कोणत्या रकान्यात लिहिता?

८. तरी त्या वहीत 'गॅस'पुढे 'व पेट्रोल' एवढे दोन शब्द लिहावेत आणि धर्मराज यांची नोटीस मागे घ्यावी. शाईअभावी अडचण होऊ नये म्हणून पेन जोडला आहे. तो परत नको.

आपल्या तिसऱ्या पत्राची वाट पाहणारी,
आपली नम्र,
सौ. सत्यशीला तातेराव खरात
मु. पो. राजूर, ता. भोकरदन
दि. १७ फेब्रुवारी २००६

सोबत : १) दोन्ही पत्रांच्या नकला. २) पेन, एक.

ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात आम्रपाली दप्तर पाठीला अडकवून समोर उभी राहिली. दोन्ही मुठी पुढे धरून तिने हवेतच चाक फिरवले आणि मोठ्याने विचारले, "गाडी?" चारांतला हा एकच शब्द तिच्यापाशी उरला आहे. मी तिला काय सांगू, ते कळवावे.