गुडघ्याची पूड

शाहूपुरी, कोल्हापूर
८ फेब्रुवारी २००३

दादा,

जयभीम. माझी नोकरी नीट चालली आहे. आईचा खोकला थांबला का?

छातीतली जळजळ आता उतरली, काळजी नको. एवढे डॉक्टर झाले, तिखट आणि चहा सोडला, पलंग उशाकडून उंच करायला विटा लावल्या, तरी कशाचा उपयोग नव्हता. इथले नवे डॉक्टर म्हणाले, "बाई, तोंडात जातंय ते समदं पिशवीत घालून आणा की." तेव्हा कुठे गुडघेदुखीवर तू पाठवतोस ती पूड नेली. जडीबुटीला औषध कोण म्हणतं, म्हणून आजवर कुणाला सांगितलीच नव्हती.

"असल्या पुडीत दुखण्याची गोळी कुटून घालत्यात. पोटात आग लावून वरनं पाणी मारताय व्हय?" असं म्हणून त्यांनी ती बंद केली. आता जेवण पचतं.

मी ती पूड बनवणाऱ्या तुझ्या वैद्य मित्रावरच चिडले होते. पण काल फोनवर वहिनी सहज बोलून गेल्या, "माझी पूड तर ह्यांनी दिवाळीतच बंद केली, पोटात आग पडायची."

दादा, संक्रांतीला तू मला नवा डबा पाठवलास. मित्राला दुखवायचं नव्हतं, हे समजतं. माझ्या जळजळीची पत्रं वाचूनही तू गप्प राहिलास, हे समजत नाही.

आई तीच पूड घेते. बंद करा म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "ह्यांना विचारते." म्हणून तुला लिहिते आहे. हे वाचताच बंद कर, आणि केल्याचं मला आईकडून फोनवर कळू दे. तुझ्या शब्दावर आता माझं भागणार नाही.

तुझी बहीण,
दीक्षा