बाई, तू बस

बोईसर,
ता. १८ फेब्रुवारी १९८४

तीर्थस्वरूप दमयंतीबाईंना त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा, नवसीचा नमस्कार.

आम्ही बरे आहोत. आई वालाच्या शेंगा तोडण्यात गुंतली आहे. माझी बालवाडी चालू आहे, पोरं रडतात आणि खाऊ दिसला की गप्प होतात. तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल.

वामन शिपाई तुमचा निरोप देऊन गेला. माझ्या भावाने, बुधाने, माफीपत्र दिलं तर त्याला नववीत परत बसवाल, परीक्षाही देता येईल. उपकार आहेत. त्याच्या वतीने मीच लिहायला बसले, पण माफी कशाची मागायची तिथेच अडले.

तुम्ही लंगडत वर्गात आलात. तो उठून म्हणाला, "बाई, तू बस. तुजा पाय दुकतो. फळा मी पुसतो." एवढंच झालं. तुम्ही थोबाडीत दिलीत. "रानातून आणून बसवलं तरी हे लोक जात्याच उर्मट," म्हणून वर्गाबाहेर काढलंत.

बाई, आमच्यात बापालाही तू आणि देवालाही तू. 'तुम्ही' म्हणायचं ते परक्याला. एरवी तो तुम्हाला 'तुम्ही'च म्हणायचा. त्या दिवशी तुमच्यासाठी जीव कळवळला म्हणून घरचं तोंडात आलं.

आणि कारखान्यातल्या साहेबांची ती मुलगी? दिवाळीत बाजारात तुम्हीच हसत सांगत होतात, "मला म्हणते, बाई, तू मला वही दे ना! हिंदीवाली ना, काय गोड बोलते!" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण तुम्हीच शिकवलीत. माझं वाक्यात उपयोग करायचं तेवढं राहिलं होतं.

बुधा घरी नसतो. वैतरणेच्या खाडीत रेती काढायला जातो. गेल्या शनिवारी आला होता. आईने भाकरी वाढली तर मान खाली घालून म्हणाला, "तुमी जेवा आदी." आईला कळेना, कोणाशी बोलतो. मग म्हणाली, "मी तुला परकी झाली का रं?" तो उठून बाहेर गेला. आई जेवली नाही.

मला तुमचा राग येतो, बाई. तुमच्यासारखी शिक्षिका व्हायचं होतं मला, म्हणून जास्तच येतो.

माफीपत्र पाठवत नाही. माफीचं म्हणाल तर आई संध्याकाळी घरीच असते. कधीही या. वाट चढाची आहे, गुडघा सांभाळून या.

खाली 'आपली' लिहायला हात धजत नाही.

नवसी