बाबांच्या आवाजातला फोन

बारक्या,

झोपला आहेस म्हणून उठवत नाही. आत्ताच हॉस्पिटलच्या काउंटरवरून फोन आला होता. "तुमच्या वडिलांनी आजचा केमो रद्द करायला सांगितलाय, म्हटलं खात्री करून घ्यावी." बाबांना जाऊन अजून वर्षही झालं नाही, हे त्या बाईंना कुठून माहीत असणार? शाळेला दांडी मारायची असली की तू असाच बाबांच्या आवाजात फोन करायचास, आणि पकडला गेलास की बाबाच आधी हसायचे.

केमो रद्द झालेला नाही. अकराला तयार राहा. पोटात काहीतरी ढकल, टोपी घाल, नखरे नकोत. आईला या फोनबद्दल बोलू नकोस.

मी वर्कशॉपवर जातेय, लेथ मशीन बघायला माणूस येणार आहे. तुला ते कळलं आणि म्हणूनच हा उद्योग केलास, एवढं समजतं मला. मशीन बाबांचं होतं खरं, पण आता ते मी चालवते आणि तुझ्या उपचारांसाठी विकायचंही मीच ठरवलंय. उद्यापासून दुसऱ्याच्या मशीनवर काम करीन. त्यात मला काही कमीपणा नाही.

रागावलेली नाही. फोन ठेवताना त्या बाई म्हणाल्या, "वडिलांचा आवाज फार थकलेला वाटला हो, त्यांच्याकडेही लक्ष द्या." मी "हो, देते" म्हणाले. ते आणखी काय म्हणाले, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं.

ताई