तुटक्या टेपने वाचवलेला क्लब

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (आई डोक्यावर उभी आहे म्हणून नव्हे, मनापासून.) गुडघा कसा आहे? सिमेंटची घमेली उचलू नका असं मामी सांगते, ते कधीतरी ऐका. पत्र आभाराचं आहे. मी कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा घरादाराने मला धुतलं. तुम्ही मात्र आपली गवंडीकामातली पाच मीटरची जुनी टेप माझ्या हातात ठेवलीत. त्या टेपने आमचा फुटबॉल क्लब वाचवला.

झालं असं, की क्लबचे मालक बेकरीवाले काका थकले आणि रंगाचा एक कारखानदार क्लब विकत घेणार अशी बातमी आली. बेकरीच्या मागच्या खोलीत आम्हा चाहत्यांची सभा भरली. निम्मे म्हणाले, विका, निदान प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर तरी येईल. उरलेले म्हणाले, आपणच चालवू; पण अध्यक्ष कोण, यावर त्यांच्यातच जुंपली. तिकीट खिडकीवरची ती (नाव लिहीत नाही, आई वाचतेय) शांतपणे मुद्द्याचं बोलत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, ‘आता पोरीबाळी क्लब चालवणार!’ माझं डोकंच फिरलं. मैद्याच्या पोत्यावर चढून मी गरजलो, ‘क्लब विकायचा तर आधी मला विका!’ सभा चालवणारे सलूनवाले दादा म्हणाले, ‘अरे, तुला फुकट तरी कोण नेणार?’ सगळे हसले. तीही हसली. मग पोतं फाटलं. आमच्या सभेत दंगा करणाऱ्याला लाल कार्ड मिळतं आणि रविवारी मैदानावर चुन्याच्या रेघा माराव्या लागतात. मी नखशिखांत पांढरा होऊन बाहेर पडलो.

रविवारी तुमची टेप काढली. तिचा पहिला फूट तुटलाय, दर मापाला फूटभर वाढवून धर, असं तुम्ही दहादा बजावलं होतंत. अर्ध्या मैदानापर्यंत धरलंही. मग ती चहा घेऊन आली आणि सुतळीचं दुसरं टोक धरून उभी राहिली. मामा, तिथून पुढे फूटही गेला आणि भानही! दहा वेळा टेप टाकली, दहा फूट गिळले.

सोमवारी कारखानदाराचा माणूस मोजणीला आला. कागदावर शंभर मीटर, रेघेपासून रेघेपर्यंत सत्त्याण्णव! शेजाऱ्याने जागा दाबलीय, कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार, म्हणत कारखानदाराने काढता पाय घेतला आणि चार दिवसांत दुसराच क्लब घेऊन टाकला. काकांनी डोळे पुसले (सुटल्यासारखे दिसत होते), किल्ल्या सभेपुढे ठेवल्या आणि म्हणाले, ‘घ्या, तुमचं तुम्ही सांभाळा.’ अध्यक्ष ती झाली. मी दोन्ही हात वर केले होते. दादांनी एकच मोजला.

तुम्ही नवी टेप दिली असतीत तर आज आम्ही कुठे असतो? तुमचे उपकार कुठल्याच टेपने मोजता येणार नाहीत.

तुमचा लाडका (आई म्हणते, द्वाड)
भाचा

ता. क. काका आता शेजाऱ्याशी भांडायला निघालेत. पत्र मिळताच चांगली टेप घेऊन या आणि ते तीन मीटर कसंही करून शोधून द्या. माझं नाव येऊ देऊ नका.

ता. ता. क. येऊ नका. तिने काल टेप उलगडून पाहिली आणि काकांना सगळं सांगून टाकलं. (अध्यक्षाने खोटं बोलायचं नसतं म्हणे.) काका पोट धरून हसले, किल्ल्या परत मागितल्या नाहीत. टेप मात्र तिने जप्त केलीय. कॉलेजचा निकाल दाखवला, तरच परत मिळेल. तेव्हा मामा, तुमच्याकडे टाकलेली माझी पुस्तकं पाठवा. रद्दीत घाला असं मीच सांगितलं होतं. पण तुम्ही कुणाचंच ऐकत नाही, त्याबद्दलही आभार.