गढूळ पाण्याला पिवळा

१२ मार्च, बुधवार

पकडला आणि सोडला!

हातभर मासा. व्याहीबुवांनी त्याच्या तोंडातून गळ काढला, दोन्ही हातांनी पाण्यात धरला, आणि जा म्हणाले. गेला. मी काठावर उभी. हळद-मीठ किती लागेल त्याचा मनात हिशोबसुद्धा झाला होता माझा.

आम्ही भंडाऱ्याकडचे ढिवर. तलावावरच जन्म गेला. जाळं टाकलं, मासा आला, बाजारात गेला नाहीतर चुलीवर. परत पाण्यात गेलेला मासा चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिला नव्हता, तो बघायला अमेरिकेत यावं लागलं.

"विहीणबाई, मी शाकाहारी आहे," म्हणाले.

म्हटलं, "मग हे त्याला सांगायला एवढा गळ टाकायचा?"

हे मी फोनला सांगतेय. सियानं शिकवलं. माझी नात, पंधरा वर्षांची. माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, फोन लिहितो. तारीख पण तोच घालतो. मला अक्षर येत नाही, त्यामुळे काय लिहिलंय ते वाचता येत नाही आणि खोडताही येत नाही. सिया म्हणाली, "नोबडी विल रीड इट, आजी. प्रॉमिस." म्हटलं, मी पण नाही वाचणार, प्रॉमिस.

१४ मार्च, शुक्रवार

दिवसभर शोभना वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, जावई परीक्षितराव खालच्या खोलीत मीटिंगमध्ये, सिया शाळेत. उरलो आम्ही दोघं म्हातारे. मी शोभनाची आई, ते परीक्षितरावांचे वडील. पोरांनी लग्न इथेच केलं, म्हणून आमची भेट झाली ती आत्ता. नाव श्रीराम, घरात सगळे अण्णा म्हणतात, तोंडावर मीही. पुण्यात शाळेत भूमिती शिकवायचे. बायको गेल्यावर इथे अल्फारेट्याला आले. शेजारचा म्हातारा गोरा दूर मुलीकडे राहायला गेला, जाताना आपली माशांची पेटी यांना देऊन गेला. तेव्हापासून हा नाद.

आज पेटी उघडून वर्ग घेतला माझा! आत सगळे खोटे मासे — क्रँकबेट म्हणतात. बोटाएवढे, पोटाखाली तीन-तीन काट्यांचे गळ. तोंडाला प्लास्टिकची चोच. सगळी गंमत त्या चोचीत. लांब चोच असली की ओढताना खोल बुडी मारतो, आखूड असली की वरवर पोहतो. चौकोनी चोचीचा असला तर बुडालेल्या लाकडावर आपटून बाजूला उसळतो, अडकत नाही. आणि तो उसळला की बास धावून येतो. बास म्हणजे इथला मासा. हिरवट, अंगावर काळा पट्टा, तोंड केवढं!

"स्वच्छ पाण्याला चंदेरी नाहीतर तपकिरी. गढूळ पाण्याला पिवळा, काळ्या पाठीचा. पाठ करा."

"करते, गुरुजी. छडी कुठाय?"

आणि अडकला तर ओढायचं नाही म्हणे. दोरा सैल सोडायचा. आत हवा असते, तो आपणच सुटून वर येतो. हे मात्र मला आवडलं. आमच्या जाळ्याला एवढी अक्कल नव्हती.

२० मार्च, गुरुवार

सगळीकडे पिवळी धूळ. गाड्यांवर, पायऱ्यांवर, माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यावर. झाडांचे पराग म्हणे. सिया शिंकते, परीक्षितराव शिंकतात, अण्णा कुणाला तरी 'शतायुषी भव' म्हणत बसतात.

तलाव गाडीनं दहा मिनिटं. अण्णाच नेतात. आज त्यांनी गळाची काठी माझ्या हातात दिली. "रीळ एका वेगानं फिरवा. घाई नको. दोरा सांगतो, ऐका." मला काय सांगणार? काही नाही सांगितलं. मग काठी त्यांनी घेतली. त्यांना सगळं सांगतो. तोंडानं बोलत होते — "हा चिखल… हे बारीक खडे… आता खडक… लाकूड! थांबा जरा —" आणि थांबले, आणि मासा!

पाण्याकडे बघतही नव्हते. माझा धनीसुद्धा असा जाळ्याच्या दोरीवरून तळ ओळखायचा.

२४ मार्च, सोमवार

दोन दिवस पाऊस. तलाव लाल. इथली माती लालच, पाणी म्हणजे नुसता गेरू. मी वाट बघत होते पिवळा कधी काढतात. यांनी तपकिरी बांधला! स्वतःच शिकवलेलं!

म्हटलं, "गुरुजी, पाणी गढूळ आहे."

"म्हणून तर पिवळा लावलाय," म्हणाले.

एकही मासा आला नाही.

२५ मार्च, मंगळवार

चुकले असतील. वय झालं.

२८ मार्च, शुक्रवार

येताना रस्त्यात नारिंगी पाटी. अण्णांनी गाडी हळू केली. "विहीणबाई, काय लिहिलंय हो त्यावर?"

"मला विचारता?"

"अहो हो! विसरलोच." हसले. मीही हसले. मागून कुणीतरी हॉर्न मारला.

मग माझ्या ध्यानात आलं. पाटीवर लिहिलेलं मला कळत नाही कारण मला अक्षर येत नाही. यांना का कळलं नाही? पेटीत क्रँकबेट निवडतात ते कानाशी हलवून, आतले छर्रे वाजवून. अंगठा चोचीवर फिरवून. मला वाटायचं कसब. कसबच आहे. पण रंग काही वाजत नाही.

घरी आल्यावर चहा दिला. मुद्दाम कप जरा लांब ठेवला. हात टेबलावरून सरकत सरकत कपापर्यंत गेला.

कुणाला सांगितलं नाही. कसं सांगू? माझ्या मुलीचे सासरे. मी चार महिन्यांची पाहुणी.

३१ मार्च, सोमवार

जेवताना शोभना म्हणाली, "आई, नेक्स्ट वीकपासून आम्हा दोघांना ऑफिसला जावं लागणार. रोज. सियाला टेनिसहून अण्णा आणतील."

अण्णा म्हणाले, "आणीन की! त्यात काय?"

सिया म्हणाली, "ऑसम."

मी त्यांच्या शेजारी बसून फिरते ते वेगळं. माझं काय, पिकलं पान. पण सिया?

२ एप्रिल, बुधवार

परीक्षा घेतली.

तलावाच्या काठी बाकावर बसलो. पेटीतून मी दोन काढले, एक पिवळा, एक तपकिरी. एकाच मापाचे, दोन्हींची चोच चौकोनी, म्हणजे अंगठ्याला फरक कळू नये. पिवळा त्यांच्या हातात ठेवला. म्हटलं, "आज पाणी निवळलंय. हा घ्या तपकिरी."

"हं. तपकिरीच बरा," म्हणाले, आणि बांधायला लागले.

"अण्णा, तो पिवळा आहे."

हात थांबले. एक बदक आलं, बघून गेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डावा डोळा दोन वर्षं. उजवा… दिवाळीपासून."

"पोराला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? किल्ली काढून घेतील. इथे किल्ली गेली की माणसाचं सामान होतं, विहीणबाई. कुणी उचलून नेलं तर जायचं, नाहीतर पडून राहायचं कोपऱ्यात."

"मी आल्या दिवसापासून सामानच आहे. एवढं काही वाईट नसतं. चहा हातात मिळतो."

हसले नाहीत. मग मीही थट्टा ठेवली बाजूला.

"सोमवारपासून त्या गाडीत सिया बसणार आहे."

"रस्ता मला पाठ आहे."

"रस्ता पाठ आहे. रस्त्यावरची पोरं पाठ आहेत?"

त्यांनी मान खाली घातली. असा हुशार माणूस, चाळीस वर्षं वर्गापुढे उभा राहिलेला — माझ्यासारखीपुढे मान खाली घालून बसला. मला फार वाईट वाटलं. पण माघार नाही घेतली. म्हटलं, "मी नाही सांगणार. तुम्हीच सांगायचं. सोमवार उजाडायच्या आत. आणि आता मी या गाडीत बसत नाही."

"मग घरी कशा जाणार?"

"चालत."

"रस्ता माहीत आहे?"

"नाही."

बसलो दोघं बाकावरच. गाडी पलीकडे उभी, किल्ली त्यांच्या खिशात. अर्ध्या तासानं त्यांनी मुलाला फोन केला, आणि काय सांगावं? "गाडी बंद पडली रे!" परीक्षितराव मीटिंग टाकून आले, किल्ली फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू.

"अण्णा, चालू तर आहे!"

"अरे वा," अण्णा म्हणाले, आणि जाऊन परीक्षितरावांच्या गाडीत बसले. मागच्या सीटवर मी. परीक्षितराव आरशातून एकदा यांच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे. काय समजले असतील देव जाणे!

३ एप्रिल, गुरुवार

शोभना विचारते — आई, तलावावर भांडलात का? म्हटलं, तुझ्या सासऱ्यांना विचार. अण्णा दिवसभर खोलीत. मी दाराशी चहा ठेवला, हाक मारली, आणि परत आले.

५ एप्रिल, शनिवार

अजून नाही.

सियाचं लहानपणचं झबलं काढून बघत बसले उगाच.

६ एप्रिल, रविवार

सांगितलं!

सगळे पोहे खात होते. अण्णांनी किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. "परीक्षित, मला दिसत नाही."

परीक्षितरावांना वाटलं पेपर दिसत नाही. "चष्मा आणू?"

"नाही रे बाळा. दिसत नाही."

आधी सिया उठली. आजोबांच्या मागे जाऊन गळ्यात हात टाकले, इंग्रजीत कानात काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही, त्यांना कळलं. मग परीक्षितराव भडकले. "आणि तुम्ही ड्राइव्ह करत होतात? अण्णा, आर यू सीरियस?" ओरडता ओरडता आवाज फुटला त्यांचा. उठून अंगणात गेले.

शोभना माझ्याकडे वळली. "आई, तुला माहीत होतं?"

"नऊ दिवस."

"नऊ दिवस तू गप्प बसलीस?"

तिनं मला पुष्कळ सुनावलं. बरोबरच सुनावलं. मी म्हाताऱ्याची अब्रू सांभाळत होते. पण त्यातले सहा दिवस तो रस्त्यावर गाडी चालवत होता आणि रस्त्यावर कुणाकुणाची लेकरं होती. हे इथे सांगून ठेवते. खोडता येत नाही तेच बरं.

११ एप्रिल, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे सगळे गेलो. तरुण बाई, अण्णांशी फार गोड बोलली. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं टिकवायला औषध आहे, डोळ्यात सुई. मधलं गेलंय, कडेकडेचं आहे.

सुईचं ऐकून अण्णा पांढरे पडले. म्हटलं, "त्या माशांना विचारा, टोचतं कसं ते."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं आजी काय म्हणाल्या. सियानं इंग्रजीत सांगितलं. ती बाई हसली, आणि मग अण्णा हसले. पाच दिवसांत पहिल्यांदा.

१३ एप्रिल, रविवार

परीक्षितरावांनी गाडी काढली. आपण होऊन! तलावावर लॅपटॉप नाही, फोन नाही, नुसते गवतावर आडवे झाले. सिया कडेला बसून पाण्यात पाय.

आम्ही कामाला लागलो. रंग मी निवडला. पाणी ना स्वच्छ ना गढूळ, तर पिवळ्या पोटाचा, हिरव्या पाठीचा. चोच त्यांनी निवडली, अंगठ्यानं. दोरा मी ओवला, गाठ त्यांनी मारली. कुठे टाकायचा ते मी सांगायचं — "डावीकडे, पडलेल्या झाडाच्या अंगाला, अजून जरा, हं!" आणि टाकल्यावर मी गप्प, कारण पुढचं सगळं त्यांच्या हातात.

"चिखल," म्हणाले. "चिखल. खडे. लाकूड —"

काठी वाकली! परीक्षितराव गवतातून उठून धावत आले, "अण्णा, हळू! हळू!" सगळ्यांचे पाय ओले. मासा मी धरला, अंगठा तोंडात घालून. असा धरला की हलत नाही.

"कसा आहे?" अण्णांनी विचारलं.

सांगितलं सगळं. पाठ शेवाळी, पोट दुधासारखं, पट्टा जरा तुटका, शेपटी एका बाजूनं झिजलेली, डोळ्याभोवती सोन्याची कड. आणि चेहरा असा, जसा काही त्याचीच चूक होती.

फार हसले. म्हणाले, "आता सोडा त्याला." सोडला.

१४ एप्रिल, सोमवार

दुपारी घरात दोघंच. अण्णा म्हणाले, "विहीणबाई, काल माशाचं सांगितलंत तसं तुमचंही सांगा. तुमचा चेहरा मला दिसलेलाच नाही."

"कधीपासून?"

"आलात तेव्हापासून. फेब्रुवारीत विमानतळावर तुमच्या लाल शालीच्या रोखानं आलो मी. मधे नुसतं धुकं."

बाप्पा! तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले होते तरी माझ्याकडे बघत नव्हते. आणि पुढे दोन महिने, बोलताना नेहमी माझ्या कानाकडे बघायचे. मला वाटलं तोरा. ढिवरणीच्या तोंडाकडे काय बघायचं, असं. मनात धरून बसले होते मी. आणि ते तर मान वळवून कडेनं मलाच शोधत होते.

सांगितलं. कपाळावर हिरवं गोंदण. नाक बसकं. दात पाच कमी. केस सगळे पांढरे, पण दाट. बाकी देखणी.

ऐकून घेतलं. मग माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं.