न्हाणीतलं कोहळं

सत्यवती,

तू झोपली होती, म्हणून न उठवताच खाणीवर चाललो. भात झाकून ठेवला आहे, खाऊन घेजो. पाण्याचा गुंड मी भरला, तू उचलू नको.

न्हाणीतलं कोहळं भाजीले कापू नको. ते रोज ओलं काहून राहते, ते सांगतो, पण हासू नको. पहिलं बाळंतपण माहेरी होते, पण तुही माय नाही अन् माहीही नाही. नर्सबाईले बापासाठी एखादं पुस्तक मांगतलं, तर म्हणे, "बायकोला पाठवा." मंग शेजारच्या चंद्रभागाबाईले धरलं. पाय लांब करून त्यावर लेकरू कसं निजवाचं, मान कशी धराची, नाकातोंडात पाणी जाऊ न देता कसं धुवाचं, सारं तिनं शिकवलं. दुपारी खाणीवरून आलो अन् तू झोपली असली का मी कोहळ्यावर हात बसवतो.

त्याचा एका बाजूनं टवका उडाला आहे, तो पहिल्या दिवसाचा. हातून सुटलं होतं. मंग एकदाही सुटलं नाही.

आता रात्री भिंतीकडे तोंड करून रडू नको. मले समजते.

भैय्यालाल