खोबरेल आणि दोन रेघा

मंगळवार, सकाळ

रातभर झोपले नाय. ते खोबरेल डोक्यातून जात नाय. बाळ काचेच्या पेटीत, आमी बाहेर बाकड्यावर. मशीनवर त्याच्या दोन रेघा, एक ठोक्यांची, एक श्वासाची. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "एक रेघ बघून दुसरीचं किती कळतं, ते कॉम्प्युटर मोजतो. चांगल्या बाळाचं बरंच कळतं. याचं कमी होत चाललंय." असं कसं? दोघं एकाच छातीत तर राहतात.

पण काल सासूबाईंनी गुपचूप त्याच छातीला खोबरेल चोळलं. "आमच्या जासई गावात बिनतेलाचं पोर कोन ठेवत नाय गो!" मशीनच्या पट्ट्या तिथंच चिकटवतात. तेलाने निसटल्या असतील का? का बाळच खरं बिघडलंय? काय समजत नाय. नवरा दम देतो, "डॉक्टरांपुढं माझ्या आईचं नाव घेऊन तर बघ." आणि त्या रेघा बघून आज बाळाच्या घशात नळी घालणार हायेत.

मी सांगायला आत चाललेय. भावाचा फोन लागत नाय, आणि आत जाताना माझा बाहेरच ठेवावा लागतो. ही वही बाकड्यावर ठेवतेय, कोणाला दिसली तर माझ्या भावाला फोन करा, नंबर पुठ्ठ्यावर हाय. म्हणावं, तेलाचं सांगायला ताई एकटीच आत गेलीय, तू ये.